वळिवड्याच्या पोलिश माता : निर्वासन आणि इंग्रजी भाषा (१९४३–१९४८)

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरच्या पूर्वेस काही मैलांवर, वळिवडे गावाच्या शिवारात, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली होती. जून १९४३ मध्ये पहिल्या तुकड्या येथे उतरल्या आणि १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. ही घटना कोल्हापूरकरांना आता अपरिचित राहिलेली नाही. महावीर उद्यानातील स्मारक, शहरातील ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश कबरी, सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या शिष्टमंडळाच्या उपस्थितीत वळिवडे येथे अनावरण झालेला स्मृतिस्तंभ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास वाहिलेले पुष्पचक्र यांमुळे ती वृत्तपत्रांतून वारंवार सांगितली गेली आहे. या साऱ्या स्मरणाचा सूर आदरातिथ्याचा आहे. तो खोटा नाही. परंतु तो यजमानाच्या बाजूने लिहिलेला इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात या वसाहतीकडे पाहुण्यांच्या बाजूने, त्यातही मुलांना घेऊन आलेल्या आईच्या बाजूने, आणि मुख्यतः भाषेच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. परमुलखात आलेली आई कोणती भाषा केव्हा शिकते आणि कोणती शिकण्याचे टाळते, हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा वाटतो. वळिवड्याच्या बाबतीत मात्र तो राजकीय इतिहासाचा प्रश्न ठरतो. या स्त्रियांच्या लेखी इंग्रजी शिकणे ही केवळ सोयीची बाब नव्हती. आपल्याला घरी परत जाता येणार नाही, हे मान्य करण्याशी ती जोडली गेली होती. म्हणूनच कोल्हापुरातील पाच वर्षे एका अर्थाने इंग्रजीवाचून काढलेली वर्षे होती, आणि इंग्रजीची गरज त्यांच्यावर येऊन आदळली ती छावणी सुटण्याच्या सुमारास.

कोल्हापूरपर्यंतचा प्रवास

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले, हे सर्वश्रुत आहे. १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या, ही बाब आपल्याकडे तितकी सांगितली जात नाही. वळिवड्याच्या बहुसंख्य निर्वासितांची कहाणी या दुसऱ्या तारखेपासून सुरू होते. फेब्रुवारी, एप्रिल व जून १९४० आणि मे–जून १९४१ अशा चार टप्प्यांत पूर्व पोलंडमधील कुटुंबे मालगाडीच्या डब्यांतून सायबेरिया, उत्तर रशिया व कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आली. स्थलांतरितांच्या संघटनांचे जुने अंदाज दहा लाखांच्या पुढे जात. १९९१ नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून हा आकडा सुमारे ३,२०,००० असल्याचे दिसते. एप्रिल १९४० च्या टप्प्यात स्त्रिया व मुले विशेष संख्येने होती, कारण ती आधीच अटक झालेल्या पुरुषांची कुटुंबे होती. हे ध्यानात ठेवावे लागते. वळिवड्यास पोहोचलेल्या अनेक कुटुंबांत वडील नव्हते, याचे एक कारण तेथे सापडते. दुसरे कारण सैन्य.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटल्यावर समीकरण बदलले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की–मायस्की कराराने या बंदिवानांची सुटका झाली आणि सोव्हिएत भूमीवर जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारले जाऊ लागले. १९४२ मध्ये हे सैन्य इराणात हलविण्यात आले. त्याच्यामागोमाग स्त्रिया व मुलेही कॅस्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरली. सुमारे १,१५,००० लोक असे बाहेर पडले. त्यांतील सुमारे ३७,००० सैन्याबाहेरचे होते. पुरुष इराक, पॅलेस्टाइन व पुढे इटलीच्या आघाडीवर गेले. कुटुंबांसाठी पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, लेबनॉन व भारत येथे जागा शोधण्यात आल्या. भारतात येणारे लोक बहुधा कराचीच्या संक्रमण छावणीतून पुढे येत.

येथे एक नेहमीचा गोंधळ दूर केला पाहिजे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे ज्यांना आश्रय दिला ती प्रामुख्याने अनाथ वा आईवडिलांपासून तुटलेली मुले होती. वळिवडे ही कुटुंबांची वसाहत होती. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील उरलेली मुलेही वळिवड्यासच आली. भारतातील पोलिश निर्वासनाचा ‘आईचा’ इतिहास शोधायचा तर तो नवानगरात मिळत नाही, कोल्हापुरातच मिळतो.

यजमानपदाविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे नोव्हेंबर १९४० मध्ये निधन झाल्यानंतर गादीवर दत्तक बालराजे शिवाजी महाराज होते आणि महाराणी ताराबाईसाहेब रीजंट म्हणून कारभार पाहत होत्या. छावणीची योजना भारत सरकारच्या पातळीवर ठरली, तिचा खर्च लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकारच्या नावे पडत होता, आणि कोल्हापूर संस्थानाने भूमी दिली. या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याने कोल्हापूरचे मोठेपण उणावत नाही. युद्धकाळात धान्य, कापड, रॉकेल या साऱ्यांची टंचाई असताना पाच हजार परक्या माणसांचे शेजारपण पत्करणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

पोलिश राखण्याची जागा

वसाहतीत कौलारू बराकींच्या रांगा होत्या. प्रत्येक कुटुंबास खोल्या, स्वयंपाकाची जागा व पुढे ओसरी मिळे. अन्न सार्वजनिक भटारखान्यातून न देता कुटुंबांना भत्ता देण्यात येई आणि बायका स्वतः बाजार करून आपापली चूल चालवीत. तीन वर्षे दुसऱ्याच्या हातचे, तेही मोजून मिळणारे, अन्न खाल्लेल्या स्त्रीला आपल्या चुलीवर आपल्या मुलांसाठी रांधता येणे याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. छावणीत चर्च, रुग्णालय, शाळा, नाट्यगृह, बालवीर व वीरबालांची पथके होती. मुंबईतील पोलिश महावाणिज्यदूत यूजेनियुश बनाशिन्स्की व त्यांच्या पत्नी किरा बनाशिन्स्का यांनी भारतातील या साऱ्या निर्वासितांसाठी मोठी धडपड केली. मुंबईहून ‘पोलाक व् इंदियाख’ (भारतातील पोलिश माणूस) हे नियतकालिक निघे. प्रकृती अस्वास्थ्य असलेल्या मुलांसाठी पाचगणीस सोय होती.

शाळांचे माध्यम पोलिश होते, पाठ्यक्रम पोलंडचा होता. इंग्रजी हा त्यातील एक विषय होता, त्याहून अधिक काही नव्हे. ब्रिटिश साम्राज्यात, ब्रिटिशांच्या आधाराने राहणाऱ्या लोकांनी इंग्रजीला एवढे दुय्यम स्थान द्यावे, याचे आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल. परंतु या मातांच्या वयाचा विचार केला म्हणजे त्याचा उलगडा होतो. १९४३ मध्ये तिशी ओलांडलेली पोलिश स्त्री १९१८ पूर्वी, म्हणजे पोलंड हा देश नकाशावर नसताना, जन्मली होती. तिच्या आईवडिलांच्या पिढीत रशियाच्या ताब्यातील प्रदेशात सरकारी शाळेची भाषा रशियन होती. प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या गावी १९०१ मध्ये जर्मनमधून प्रार्थना म्हणण्यास नकार दिल्याबद्दल शाळकरी मुलांना फटके मारण्यात आले होते. (ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात परिस्थिती पुष्कळ बरी होती.) मातृभाषेतील शाळा ही या पिढीला अवघ्या वीस वर्षांपूर्वी मिळालेली वस्तू होती. १९४० मध्ये निर्वासनात मुलांना पुन्हा रशियन शाळेत बसावे लागले. कझाकस्तानात दोन वर्षे काढलेली आठ वर्षांची मुलगी पोलिश लिहिण्याआधी रशियन अक्षरे गिरवायला शिकलेली असे. अशा आईने वळिवड्यास आल्यावर प्रथम काय केले असेल? मुलीला पोलिश अक्षरओळख करून दिली. इंग्रजीला वेळ होता. शिवाय दोन-चार वर्षांत घरीच जायचे होते.

याच कारणाने ‘स्थायिक होणे’ हा शब्द वळिवड्यास जपून वापरावा लागतो. ओसरीपुढे फुलझाडे लावली गेली, सणवार झाले, लग्ने लागली, बारसी झाली, आणि दफनेही झाली. घर मांडले गेले. पण ते परतीच्या वाटेवरचे घर म्हणून मांडले गेले.

बाजाराची भाषा

मग कोल्हापूरकरांशी या स्त्रिया कोणत्या भाषेत बोलत? इंग्रजीत, असे उत्तर आपल्या तोंडी चटकन येते. ते चूक आहे. १९४३ च्या कोल्हापुरात इंग्रजी होती ती राजाराम कॉलेज, हायस्कुले, दरबारी कचेऱ्या आणि वकील-डॉक्टरांची घरे एवढ्यापुरती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सुरू केलेले सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण मराठीतून होते. छावणीच्या दारी भाजी, अंडी, कोंबड्या, दूध, लाकूडफाटा घेऊन येणारी माणसे वळिवडे, उचगाव, चिंचवाड या बाजूची शेतकरी व कष्टकरी माणसे होती. त्यांना इंग्रजी येत नव्हती आणि बहुतेक पोलिश बायकांनाही येत नव्हती.

येथे जे घडले ते भाषासंपर्काच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे आहे. छावणीतील तेव्हाच्या मुलांनी पुढे लिहिलेल्या आठवणींतून दिसते, की स्थानिक विक्रेतेच पोलिश शब्द उचलीत आणि बराकींमधून पोलिशमध्ये आरोळी देत फिरत. अंडे, दूध, बटाटा, किती, स्वस्त, उद्या एवढ्या भांडवलावर व्यवहार चाले. पाच हजार रोखीने घेणारी गिऱ्हाइके एकाच भाषेची असतील तर विकणाऱ्याने ती भाषा शिकणे हेच शहाणपणाचे. त्यामुळे आईवर बाहेरची भाषा शिकण्याचा ताण आला नाही. घराबाहेर पडल्यावरही तिला पोलिशच ऐकू येई. मुलांनी मात्र मराठीचे व हिंदुस्थानीचे काही शब्द उचलले, जसे मुले उचलतात. एक पोलिश तरुणी कोल्हापुरातील घरात सून होऊन राहिली, मराठी बोलू लागली आणि छावणी उठल्यावरही येथेच राहिली. परंतु तो अपवाद होय.

विक्रेत्यांना पोलिश शब्द जवळचे का वाटले असावेत, याचा विचार करताना भाषाशास्त्राच्या आहारी जाण्याचा मोह होतो. पोलिश व मराठी या एकाच इंडो-युरोपीय कुळातील दूरच्या बहिणी आहेत. पोलिशमध्ये आई म्हणजे ‘मात्का’, भाऊ म्हणजे ‘ब्रात’, विस्तव म्हणजे ‘ओग्येन’, धूर म्हणजे ‘दिम’. माता, भ्राता, अग्नी, धूम यांच्याशी असलेले नाते उघड आहे. बाजारात कोणी धातू व व्युत्पत्ती पाहत नाही, हे खरे. तरीही एक शब्द येथे नोंदवावासा वाटतो. नवरा गमावलेल्या स्त्रीला पोलिशमध्ये ‘व्दोवा’ म्हणतात, इंग्रजीत ‘विडो’ आणि आपल्याकडे ‘विधवा’. तिन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. वळिवड्यातील कित्येक स्त्रियांना आपण ‘व्दोवा’ आहोत की नाही, हेच ठाऊक नव्हते. १९३९–४० मध्ये पकडून नेलेल्या नवऱ्याची वार्ता नव्हती. कातिन येथील पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक दफनस्थळे सापडल्याची घोषणा जर्मनांनी एप्रिल १९४३ मध्ये केली, म्हणजे वळिवड्याची छावणी सुरू होण्याच्या अवघे दोन महिने आधी. सोव्हिएत संघाने ही हत्या आपली असल्याचे १९९० मध्ये मान्य केले.

व्याकरणाच्या अंगानेही मराठी आणि पोलिश माणूस इंग्रजीपुढे सारखाच अडखळतो. पोलिशमध्ये तीन लिंगे आहेत, नामाला सात विभक्ती लागतात, आणि इंग्रजीतील ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे मुळीच नाहीत. आपल्या महाविद्यालयांतील इंग्रजीचे अध्यापक उत्तरपत्रिकांत जी उपपदे वर्षानुवर्षे लाल शाईने भरत आले आहेत, तीच पोलिश विद्यार्थ्यांच्या वहीतही गळालेली असतात. संबोधनाचे तेच. पोलिशमध्ये जवळच्यास ‘ती’ (म्हणजे तू), आणि आदरार्थी पुरुषास ‘पान’, स्त्रीस ‘पानी’ म्हणून तृतीय पुरुषी क्रियापद वापरतात. आपल्या ‘आपण’ची येथे आठवण व्हावी. इंग्रजीच्या ‘यू’ने ही सारी उतरंड एकदम सपाट होते. लिपी रोमनच असल्याने तर अडचण वाढते: ओळखीचे अक्षर अनोळखी उच्चार मागते. पोलिशमध्ये ‘डब्ल्यू’चा उच्चार ‘व’ व ‘जे’चा ‘य’ होतो. पाण्यासाठीचा इंग्रजी शब्द पोलिश डोळ्यांना ‘वातेर’ असा दिसतो. देवनागरीतून रोमनकडे जाणाऱ्यास निदान हा घोटाळा होत नाही.

पोलिश माणूस या परिसरास अगदीच नवा नव्हता, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश यहुदी अभियंते महात्मा गांधींच्या प्रेरणेने जवळच्याच औंध संस्थानात आले होते. १९३९ च्या औंध स्वराज्य घटनेमागे अप्पासाहेब पंत यांच्यासमवेत त्यांचाही वाटा होता. वांदा दिनोव्स्का यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये पोलिश–भारतीय ग्रंथमाला सुरू केली. हेच फ्रीडमन पुढे मराठी इतके शिकले, की निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे त्यांनी इंग्रजी रूपांतर केले. ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण फ्रीडमन स्वेच्छेने आले होते. मालगाडीच्या डब्यातून फेकल्या गेलेल्या आईची तुलना त्यांच्याशी करता येत नाही.

याल्टानंतरची इंग्रजी

१९४४ साली छावणीत येणारी पत्रे इटलीतून येत. त्या वर्षी मे महिन्यात मोन्ते कासिनोचा मठ पोलिश सैन्याने जिंकला. ज्या महिन्यांत वळिवड्याची आई टपालाची वाट पाहत होती, त्याच महिन्यांत कोकणातील व देशावरील कित्येक आयाही इटलीकडे डोळे लावून बसल्या होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये इटलीतच वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्हीकडच्या आया एकाच आघाडीकडे पाहत होत्या. फरक असा, की एकीला युद्ध संपल्यावर मुलगा कोणत्या गावी येणार, हे माहीत होते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन महासत्तांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविली. ल्वूफ (आजचे युक्रेनमधील ल्विव), विल्नो (आजची लिथुआनियाची राजधानी विल्नियस) आणि त्यांभोवतालचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची गावे याच पट्ट्यात होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिकेने वॉर्सामधील नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनच्या निर्वासित सरकारचा अधिकार संपला आणि छावणीची जबाबदारी पुढे ‘अन्रा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे गेली.

या घटनेचा भाषेशी असलेला संबंध कमी लेखला गेला आहे, असे आम्हांस वाटते. १९४५ पूर्वी इंग्रजी शाळेतील एक विषय होती. १९४५ नंतर ती भवितव्याची भाषा झाली. पोलंडला परतण्याचा पर्याय अधिकारी पुढे करीत होते; पण परतायचे म्हणजे जर्मनीकडून नव्याने मिळालेल्या पश्चिमेकडील परक्या घरांत, आणि ज्या राजवटीने आपल्याला हद्दपार केले तिच्या छायेत. थोड्याच लोकांनी तो स्वीकारला. उरलेल्यांपुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे देश होते, आणि त्यांतील बहुतेकांची भाषा एकच होती. १९४६ मध्ये ब्रिटनने पोलिश पुनर्वसन दल स्थापन केले, २७ मार्च १९४७ रोजी पोलिश पुनर्वसन कायदा संमत झाला आणि ब्रिटिश अधिपत्याखाली लढलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना ब्रिटनचे दार उघडले. कायद्याने हे दार आईसाठी उघडले ते सैनिकाची बायको, आई वा बहीण म्हणून. ज्या स्त्रीचे कोणीच सैन्यात उरले नव्हते तिला प्रतीक्षा करावी लागली. १९४८ मध्ये छावणी बंद करताना अशा कित्येकांना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत पाठविण्यात आले. निर्वासनाचे त्यांचे ते चौथे किंवा पाचवे ठिकाण होते.

वळिवड्यातील आईने अखेरच्या दोन वर्षांत मुलाच्या इंग्रजीच्या वहीकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा अंदाज करता येतो. पूर्वी तिची चिंता मुलाचे पोलिश शुद्ध राहावे ही होती. आता त्याला इंग्रजी आली नाही तर पोट कसे भरणार, ही चिंता तिच्या जोडीला आली. दोन्ही चिंता खऱ्या होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जात होत्या.

ब्रिटनमधील छावण्या

ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या कुटुंबांना पुन्हा छावणीच मिळाली. युद्धकाळात अमेरिकन व कॅनेडियन सैन्याने वापरून सोडलेल्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत त्यांची वस्ती झाली. वळिवड्याच्या ओसरीवरून थेट तेथील थंडीत. १९५१ च्या ब्रिटिश जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या सुमारे १,६२,००० भरली. वीस वर्षांपूर्वी ती ४५,००० च्या आत होती. १ एप्रिल १९४७ पासून पोलिशांच्या शिक्षणासाठी एक स्वतंत्र समिती काम करू लागली व १९५४ पर्यंत ती चालली. मुलांना ब्रिटिश शाळांत व ब्रिटिश नोकऱ्यांत सामावून घेता यावे, आणि त्याबरोबर पोलिश संस्कृतीविषयीची त्यांची ओढही राखली जावी, असे तिचे दुहेरी धोरण होते. प्रत्यक्षात पारडे इंग्रजीकडेच झुकत गेले.

या व्यवस्थेत मूल हे केंद्र होते, सैनिक हा दुसरा घटक. आई कोठे होती? चाळिशीकडे झुकलेली, शिक्षण अर्धवट राहिलेली, सोव्हिएत छावण्यांतील हिवाळ्यांनी प्रकृती खालावलेली ही स्त्री सूतगिरणीत, धुलाईघरात वा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तेथे शेजारच्या यंत्रावर बहुधा दुसरी पोलिश स्त्रीच असे. यंत्राच्या आवाजात बोलण्याची गरज नव्हती आणि कामापुरते शब्द पुरत. इंग्रजी लागे ती डॉक्टरकडे, शाळेत, सरकारी कचेरीत. आणि तेथे ती मुलाला बरोबर नेई. दहा-बारा वर्षांचे मूल आईच्या दुखण्याचे वर्णन परक्या डॉक्टरला करून सांगते, तेव्हा घरातील वडीलधारेपणाची वीण सैल होते. आईने सांगितलेले सगळेच मूल भाषांतरित करीत नाही. डॉक्टरने सांगितलेलेही सगळे आईपर्यंत पोहोचत नाही. स्थलांतरितांच्या इतिहासात हा प्रसंग जगभर आढळतो. आपल्याकडेही खेड्यातील आई शहरातील रुग्णालयात शिकलेल्या मुलीच्या तोंडून बोलते, ते याहून फार वेगळे नाही.

ब्रिटनमधील पोलिश समाजाचा पहिला मोठा समाजशास्त्रीय अभ्यास येझी झुब्रझित्स्की यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या समाजाशी जुळवून घेणे आणि त्यात मिसळून जाणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. वळिवड्याच्या मातांचा विचार करताना हा भेद फार उपयोगी पडतो. त्या नव्या देशाशी जुळवून घेत होत्या. त्यासाठी लागेल तेवढी इंग्रजी त्यांनी घेतली. परंतु शनिवारी मुलांना पोलिश शाळेत पाठविण्याचे त्यांनी सोडले नाही. या शनिवारच्या शाळांची मध्यवर्ती संघटना १९५३ मध्ये उभी राहिली. आडनावांच्या बाबतीतही हेच दिसते. पोलिशमध्ये पुरुषाचे आडनाव ‘स्की’ने संपत असेल तर त्याच्या बायकोचे व मुलीचे ‘स्का’ने संपते. इंग्रज कारकुनाच्या नोंदवहीत हा भेद बसत नसे. कागदावर स्त्रिया पुरुषांच्या आडनावाने नोंदल्या गेल्या. चर्चमध्ये आणि आपसांत मात्र त्या ‘स्का’च राहिल्या.

भारतातील या वास्तव्याची स्मृती ब्रिटनमध्येच संघटित झाली. भारतात राहिलेल्या पोलिशांच्या संघटनेने कागदपत्रे व आठवणींचा मोठा संग्रह प्रथम पोलिशमध्ये व पुढे २००९ मध्ये ‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’ या नावाने इंग्रजीत आणला. अनुराधा भट्टाचार्जी यांचा ‘द सेकंड होमलँड’ हा ग्रंथ २०१२ चा. आठवणी लिहिणारे बहुतेक सारे छावणीत मूल होते. त्यामुळे वळिवडे आपल्यापुढे येते ते खेळ, शाळा, नदी, सहली आणि आंबे यांनी भरलेले बालपण म्हणून. आई त्या आठवणींत सतत आहे, पण ती शिवते, रांधते, प्रार्थना म्हणते, पत्राची वाट पाहते. तिने काय शिकले आणि काय शिकायचे नाकारले, हे तिच्या शब्दांत आलेले नाही. इंग्रजी अनुवादामुळे या आठवणी आपल्यापर्यंत पोहोचल्या. आणि जिच्याविषयी त्या आहेत तिला मात्र हे इंग्रजी पुस्तक सहज वाचता आले असते, असे नव्हे.

गांधीनगर

१९४८ मध्ये वळिवड्याच्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे वसविण्यात आले आणि त्या वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. ज्या कराचीतून पोलिश कुटुंबे कोल्हापूरकडे निघाली होती, तेच शहर आता यांतल्या अनेकांचे सुटलेले गाव होते. पुन्हा त्याच ओसऱ्या, पुन्हा मुले घेऊन आलेल्या आया, पुन्हा परतीची वाट बंद झालेली भूमी. फक्त या वेळी कोणी परतीचा पर्याय पुढे करीत नव्हते. सिंधी भाषेला भारतात स्वतःचा प्रांत उरला नव्हता. तिला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

भाषेच्या बाबतीत मात्र या दुसऱ्या वसाहतीत उलटे घडले. पोलिश कुटुंबे भत्त्यावर राहणारी, विकत घेणारी होती. गावकऱ्यांनी त्यांची भाषा उचलली. सिंधी कुटुंबांना भत्त्यावर दिवस काढायचे नव्हते. त्यांनी फेरी केली, दुकाने टाकली, आणि कापडाच्या घाऊक व्यापारावर गांधीनगर उभे केले. आता विकणारे हे होते आणि घेणारे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कोकण येथील लोक होते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या करवीर तालुक्यातील बाईशी गांधीनगरच्या दुकानातील सिंधी माणूस मराठीत बोलतो, कोल्हापुरी हेल काढून घासाघीस करतो, आणि आत वळून घरच्यांशी सिंधीत बोलतो.